शिलाईतली माया

नवा लॅपटॉप घरी आणला, तो आधी उघडला नाही; आधी त्याचं वजन केलं. पनवेलच्या दुकानातल्या मुलाने “सर, सव्वा किलोच्या आतच आहे” असं सांगितलं होतं आणि खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायची माझी सवय गेलेली आहे. शेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यावर ठेवला. आकडे थोडे वरखाली झाले आणि 1.160 वर थांबले. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “सर, काय भावाने लावू?” किंमत 22 हजार. हिशेब केला तर किलोला 19 हजारांच्या आसपास पडला. “बदामही इतके महाग नाहीत,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची तूरडाळ मोजायला लागला.

मी मराठीचा मास्तर होतो. दहावीच्या मुलांकडून वर्षानुवर्षं कवितांची रसग्रहणं लिहून घेतली. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मुलं गाइडमधून पाठ करायची आणि कवितेला हातही न लावता गुण मिळवायची. त्यांना मी एकच सांगायचो, आधी कविता हातात घ्या, उलटसुलट करून पाहा, कवीने काय ठेवलंय आणि काय गाळलंय ते बघा. आता निवृत्तीनंतर हातात कविता नाही, हे करड्या रंगाचं यंत्र आहे. म्हटलं, आपलाच धडा आपण गिरवून पाहावा.

नावापासून सुरुवात करू. लॅप म्हणजे मांडी. पण ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांची मांडी खुर्चीवर बसल्यावर तयार होते आणि आमची जमिनीवर बसल्यावर. हा फरक बारीक वाटेल, पण यंत्र वापरताना तो पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. याआधी मी मुलाचा जुना लॅपटॉप वापरत होतो, 15.6 इंची. मांडी घालून बसलं की तो या मांडीवरून त्या मांडीवर आडवा पडायचा, फळीसारखा. पाय बांधून ठेवल्यासारखे व्हायचे. हा 11.6 इंची. मधल्या खळग्यात, पोटऱ्यांवर, मांजरासारखा बसतो. ओटीवर, माळ्यावर, देवघराच्या उंबऱ्यापाशी, जिथे माणूस बसेल तिथे तो बसतो. एसटीतही बसला. घरी येताना वाटेत पाऊस लागला आणि गाडी तासभर खोळंबली. आंबा नदीचं पाणी पुलावर आलं की वाकण-खोपोली रस्ता बंद होतो, हे आम्हा पालीकरांना नवं नाही. तेवढा तासभर खोकं मांडीवरच होतं आणि पाय अवघडले नाहीत. माझ्या लेखी त्याची पहिली परीक्षा तिथेच झाली.

आता झाकण. महागडे लॅपटॉप एका बोटाने उघडतात म्हणे. हा उघडायला दोन हात लागतात. एकाने झाकण उचललं तर खालचा भागही सोबत वर येतो. सुरुवातीला चिडचिड झाली. मग आठवलं, गावच्या कुलकर्ण्याचं दप्तरही एका हाताने उघडत नसे. कागद रुमालात बांधलेले असत, गाठ सोडायला दोन्ही हात लागत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद अजूनही रुमालांवर मोजले जातात. उचलून नेता येईल असं कार्यालय ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे. फक्त तेव्हा त्याला बॅटरी लागत नव्हती.

या यंत्राचा आवाज नाही, ही त्याची मला सर्वांत आवडलेली ओळ. आत पंखाच नाही. सेलेरॉन एन 4500 नावाचा जो प्रोसेसर यात आहे, तो 6 वॉटच्या मापाचा आहे. देवघरातल्या लहान एलईडी बल्बइतका. इतक्या कमी उष्णतेला वाऱ्याची गरज नसते, अंगाच्या पत्र्यातूनच ती निघून जाते. मांडीला जेमतेम कोमट लागतं. पंखा नाही म्हणजे हवा आत ओढायला जाळी नाही आणि जाळी नाही म्हणजे कोकणातल्या पावसाळ्याची ओल आणि धूळ आत जायचा एक मोठा रस्ता बंद. इथे श्रावणात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. अशा घरात यंत्राने तोंड मिटून राहावं यात शहाणपण आहे. शिवाय लिहिताना कौलांवरचा पाऊस ऐकू येतो. परवा दुपारी लाइट गेली. मला ते कळलं वरचा पंखा थांबला तेव्हा. पडदा किंचित मंद झाला होता, एवढंच. बॅटरी 38 वॉट-तासांची आहे आणि नुसतं लिहायचं असेल तर सहा तास निभावते. आमच्याकडे पावसाळी वीज जाण्या-येण्याचं जे वेळापत्रक आहे, त्याला हे माप पुरतं.

इथवर कौतुक झालं. पण नुसतं कौतुक म्हणजे रसग्रहण नव्हे, ती जाहिरात. म्हणून पडद्याकडे वळतो, कारण इथे कवीने मात्रा मोडल्या आहेत. पडदा 1366 बाय 768 ठिपक्यांचा. समोर ताठ बसून पाहिलं तर ठीक. जरा वरून पाहिलं की रंग विटतात, खालून पाहिलं की काळे होतात. सौभाग्यवती शेजारी बसून नातवाचे फोटो पाहायला लागल्या आणि म्हणाल्या, “अहो, पोर इतकं सावळं कधी झालं?” दोघांना मिळून पाहता येत नाही असा हा पडदा आहे. आणि देवनागरीला तो विशेष अपुरा पडतो. रोमन अक्षरं बहुतेक एका उंचीत वावरतात. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार लागतो आणि खाली उकार, ऋकार. ओळीला वरचा मजलाही हवा आणि तळघरही. त्यामुळे 768 ठिपक्यांच्या उंचीत मराठीच्या ओळी कमी बसतात आणि बारीक अक्षरात ‘वैशिष्ट्ये’ लिहिलं तर ‘ष्ट्ये’ची नुसती गाठ दिसते. आवाजाचंही तसंच. स्पीकर तळाला आहेत. मांडीवर ठेवला की गाणं धोतरात शिरतं. खाली शहाबादी फरशीवर ठेवला तर जरा खुलतं.

इथे मला शिंप्याची आठवण येते. कपडा लहान होतो तो दोन प्रकारांनी. एक, मोठ्या माणसाचा सदरा कापून लहान केलेला. खिसे गुडघ्यापाशी येतात, खांदे उतरतात. दुसरा, लहान माणसाचं माप घेऊन बेतलेला. स्वस्त वस्तू पाहताना मी आता हाच प्रश्न विचारतो, ही कापलेली आहे की बेतलेली? या यंत्राचं वजन, शांतता आणि बॅटरी बेतलेली आहेत. पडदा आणि स्पीकर कापलेले आहेत. तिथे कुणा मराठी माणसाचं माप घेतल्याची खूण नाही, फक्त खर्च वाचवल्याची आहे.

कळफलकाचं काय? कळांवर फक्त रोमन अक्षरं छापलेली. पण आत इन्स्क्रिप्ट आहे, सरकारने 1986 मध्ये आखलेली आणि पुढे भारतीय मानक झालेली मांडणी. ही मांडणी ज्याने आखली त्याला आपली बाराखडी कळत होती. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘पाली’ लिहून पाहा. प उजव्या हाताने, काना डाव्याने, ल उजव्याने, वेलांटी डाव्याने. चार कळा, हात आलटून पालटून, झोपाळ्याच्या हेलकाव्यासारखे. गावाचं नाव लिहिताना हाताला ताल सापडतो, हे सुख मला कुठल्याही महाग यंत्राने याहून जास्त दिलं नसतं. आणि कळांची चाल खोल आहे, दाबल्यावर बोटाला नीट उत्तर मिळतं. पैसे वाचवणाऱ्याने इथे हात आखडता घेतलेला नाही.

नंतर आमच्या पालीच्या गणपतीचं नाव लिहिलं, ‘बल्लाळेश्वर’. अकरा वेळा कळ दाबावी लागते. त्यातला ल दोनदा आणि ळ एकदा, तिन्ही एकाच कळेवर. रोमन एनची ती कळ. नुसती दाबली तर ल, शिफ्टसकट दाबली तर ळ. ळ हा लच्याच घरात माडीवर राहतो. मराठी माणसाला हे नातं सांगावं लागत नाही, पण कळफलकाने ते ओळखावं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

साठवण 64 जीबी. त्यातली निम्म्याच्या आसपास जागा यंत्राच्या स्वतःच्या बिऱ्हाडानेच अडवलेली. ऐकायला वाईट वाटतं. पण लिहिणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. संगणकात देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, रोमनचं एक. म्हणजे आपण तिप्पट जागा खाणारे. तरी एवढा एक लेख 30 केबीच्या आसपास भरतो आणि उरलेल्या 30 जीबीत असे दहा लाख लेख मावतील. तितके लिहून होईपर्यंत मी राहणार नाही. चित्रपट साठवणाऱ्याला मात्र ही कोठी आठवड्यात भरेल.

खरी हळहळ रॅमबद्दल. 4 जीबी, तीही मुख्य पट्टीवर डाख देऊन पक्की केलेली. पुढे वाढवायची म्हटली तरी वाढवता येणार नाही. आमच्या लहानपणी शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचे. शिंपी शिलाईच्या आत कापड दुमडून ठेवायचा, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की आई उसवून तेवढं कापड सोडायची, चड्डीवर जुन्या घडीची गडद रेघ दिसायची, पण वर्ष निघायचं. या यंत्राच्या शिलाईत माया ठेवलेली नाही. आज माप बरोबर आहे. उद्याची प्रणाली अंगाने वाढली की हे तोकडं पडणार.

आणि इथेच मला आमच्याच जिल्ह्यातलं एक हिरवं यंत्र आठवतं. 2007 मध्ये रायगडातल्याच, कर्जतच्या बाजूच्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. निकोलस नेग्रोपॉन्टे यांची ती कल्पना, 100 डॉलरांत मुलाच्या हाती संगणक. त्या यंत्राचं नाव एक्सओ. पडदा 7.5 इंची, मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला. उन्हात धरला की रंग उडत, पण अक्षरं कागदासारखी स्वच्छ वाचता येत. रबरी आवरणाचा कळफलक, म्हणजे सांडलेलं पाणी आत जात नसे. झाकणाला सशाच्या कानांसारख्या दोन अँटेना, उचलायला मूठ आणि त्या मुठीच्या आत लपवलेले जादा स्क्रू. एखादा हरवला तर हाताशी असावा म्हणून. ही माया! यंत्र मुलाच्या हातात पडणार, पडून मोडणार, आणि ते उघडून पुन्हा जुळवावं लागणार, हे गृहीत धरून कुणीतरी स्क्रू आत ठेवले होते.

त्याच वर्षी तैवानच्या आसूसने ईई पीसी बाजारात आणला. पडदा 7 इंची, वजन किलोच्या आत. लहान स्वस्त लॅपटॉपची लाट त्यानंतर आली आणि माझं हे यंत्र तिच्याच गोतावळ्यातलं. एक्सओची गोष्ट मात्र वेगळी झाली. किंमत 100 ऐवजी 200 डॉलरांच्या जवळ गेली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्येच प्रकल्पाला नकार दिला होता, त्यामुळे तो इथे पसरला नाही. उरुग्वेने सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना एक्सओ दिला. पेरूतल्या अभ्यासात मात्र नुसता लॅपटॉप दिल्याने मुलांच्या भाषा-गणितात फरक पडल्याचं दिसलं नाही. मास्तर म्हणून मला याचं नवल नाही. पुस्तक वाटलं म्हणून मूल वाचायला लागत नाही. तरीही बेतलेलं यंत्र म्हणजे काय, याचा एक्सओइतका चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. त्याची खूणसुद्धा एका मुलाची होती, फुलीवर गोल ठेवला की हातपाय पसरलेलं पोर दिसे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती एकच, आमच्या पालीचा. आणि तो भक्त, बल्लाळ, कथेत लहान मुलगाच आहे. देवाने पोराचं नाव घ्यावं, यंत्राने पोराचं रूप घ्यावं, हे मला एकाच जातीचं वाटतं. ज्याच्यासाठी आहोत त्याचं माप अंगावर घेणं.

माझ्या यंत्राने माझं माप अर्धंच घेतलं आहे. उरलेलं अर्धं मी घ्यायचं ठरवलं. अक्षरं दोन घरं मोठी केली, ओळी कमी दिसल्या तरी चालतील. फोटो पाहायला दोघांनी शेजारी न बसता मागेपुढे बसायचं, असं घरात ठरलं. बाजारातून देवनागरी स्टिकरचा कागद आणला. सगळ्या कळांवर लावायला बसलो आणि लक्षात आलं की बहुतेक अक्षरं बोटांना आता पाठ आहेत. परवा शेजारची चौथीतली मुलगी आली होती, तिला तिच्या आईचं नाव लिहायचं होतं, कमळ. एकेक कळ दाबून पाहताना क आणि म सापडले, ळ काही सापडेना. “आजोबा, यात ळ नाहीच.” मी तिला शिफ्ट दाबायला लावलं. ळ उमटला तशी ती हसली आणि ओळभर ळ लिहून मोकळी झाली.

ती गेल्यावर एक स्टिकर सोलला आणि एनच्या कळेवर लावला. बाकीचा कागद खोक्यात ठेवून दिला. लागेल तसा सोडता येईल.