कच्चे मडके आणि नामदेवांची मुद्रा

दिल्लीच्या एखाद्या गुरुद्वारात कीर्तन चालू असता नामदेवांचे पद कानी पडले, म्हणजे येथील मराठी माणसाचा ऊर भरून येतो. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे आपण परस्परांस मोठ्या कौतुकाने सांगतो. परंतु ज्या कवीचा हा अभिमान, त्याच्या चरित्रातील मर्मस्थान अभिमान गळून पडण्याचेच आहे!

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, तेव्हा इतर संत स्वस्थ बसले. नामदेव मात्र दुखावले आणि कच्चे मडके ठरले. ह्या कथेचा अर्थ बहुधा 'ज्ञानापुढे भक्ती उणी' असा लावला जातो. मला तो मान्य नाही. नामदेवांच्या ठायी धनाचा वा विद्येचा ताठा नव्हता. होता तो विठ्ठलाच्या लाडकेपणाचा. अहंतेचे हे रूप सर्वांत सूक्ष्म, कारण ते भक्तीचेच वस्त्र पांघरून येते. पुढे औंढ्याला विसोबा खेचरांनी पिंडीवर ठेवलेले पाय उचलून, जेथे देव नाही अशा जागी ठेवावयास सांगितले. तशी जागा सापडेना. तेथे 'माझा देव' ह्यातला 'माझा' तेवढा गेला. देव गेला नाही. पंजाबातील पदे ही निर्गुणाकडे झालेली कलाटणी होय, असे म्हणणाऱ्यांनी त्याच पदांत 'बीठल' हे नाव पुनःपुन्हा का येते, ह्याचे उत्तर द्यावयास हवे.

आणखी एक मौज अशी, की ही फजिती सांगणारे अभंग गाथेत नामदेवांच्याच मुद्रेने आले आहेत. पुढे विष्णुदास नामा व इतरांच्या रचनाही ह्या नावात इतक्या मिसळल्या, की संशोधकांस मूळ नामदेव वेगळे काढणे जड जाते. अहंता सोडलेल्या कवीचे नावही असे सर्वांचे होऊन बसले.

मग ग्रंथातील एका पदात देवळातून उठवून लावल्याची आणि छीप्याच्या कुळात जन्मल्याची व्यथा नामदेव देवापुढे मांडतात, ती कशी? अहंता उरल्याचे हे लक्षण असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. थापटण्याखाली दुखावला तो लाडका भक्त; येथे बोलतो तो दाराबाहेर काढलेला माणूस. पहिल्याने गप्प राहावयाचे होते. दुसऱ्यानेही तसेच राहावे, ही अपेक्षा मात्र त्याला बाहेर काढणाऱ्यांच्याच सोयीची आहे.