तीन जनरल आणि एक खून

खुनाची गोष्ट चवीने वाचणारा वाचक आणि इतिहास चवीने वाचणारा वाचक हे बहुधा दोन निराळे प्राणी असतात. हान्स हेल्मुट किर्स्ट या जर्मन लेखकाची, १९६२ साली प्रसिद्ध झालेली, ‘द नाइट ऑफ द जनरल्स’ ही कादंबरी दोघांच्याही हाती पडते, आणि दोघेही ती वाचून थोडेफार कुरकुरतात. मी ती ब्राउनजॉन यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली आणि पुढे ती अनेकांना वाचायला दिली. त्यामुळे ही कुरकुर माझ्या चांगली ओळखीची आहे.

कथा सुरू होते ती १९४२ साली, जर्मन फौजांच्या टाचेखालच्या वॉर्सात. एका वेश्येचा अत्यंत निर्घृण खून होतो. भीतीने शौचकूपात दडून बसलेल्या एका माणसाला दाराच्या फटीतून खुन्याचा चेहरा दिसत नाही. दिसते ती फक्त विजारीवरची रुंद तांबडी पट्टी. ही पट्टी जनरलाच्या गणवेशाची! त्या रात्री आपण कोठे होतो हे धडपणे सांगू न शकणारे तीन जनरल शहरात आहेत. तपास करणारा मेजर ग्राउ त्या तिघांच्याही मागे लागतो, आणि मग त्याला बढती देऊन पॅरिसला धाडण्यात येते. गैरसोयीच्या माणसाला वर चढवून दूर करण्याची ही युक्ती सर्व देशांच्या कचेऱ्यांना ठाऊक असावी.

पहिली तक्रार रहस्यप्रेमींची. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पोसलेले वाचक म्हणतात, “खुनी फार लवकर कळतो हो!” कळतो खरा. पण येथे उत्कंठा आहे ती खुनी कोण याची नव्हेच. खुनी ठाऊक झाल्यावर, त्याच्या छातीवर पदके आणि हाताखाली हजारो सैनिक असताना, त्याच्या खांद्यावर हात कोण ठेवणार याची ती आहे. शेवटच्या पानावर पडदा बाजूला सारून नाव सांगणाऱ्या कथेपेक्षा मला ही उत्कंठा अधिक जाच करणारी वाटली.

इतिहासप्रेमींची तक्रार नेमकी उलट. २० जुलै १९४४ ला हिटलरच्या मुख्यालयात श्टाउफेनबर्गने बाँब ठेवला. त्याच सायंकाळी पॅरिसचा लष्करी प्रमुख जनरल श्ट्युल्पनागेल याने एस. एस.च्या अधिकाऱ्यांना कैद केले, आणि हिटलर जिवंत आहे हे कळल्यावर रात्रीच त्यांना सोडून द्यावे लागले. ऑगस्टअखेर श्ट्युल्पनागेल फासावर गेला. एवढे प्रचंड नाट्य समोर असताना किर्स्ट एका खुनाचे धागे कसले विणीत बसतो, असे हे वाचक विचारतात. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. तीन संशयितांपैकी एक जनरल कटात सामील आहे. आपण कोठे होतो हे तो सांगत नाही ते त्यासाठी. देशासाठी बोललेले खोटे आणि खून लपवण्यासाठी बोललेले खोटे तपासनिसाच्या कानाला सारखेच लागते. कट कादंबरीतून काढून टाका, की तपासाची निम्मी अडचण नाहीशी होईल.

तिसरा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. तो मला एका गृहिणीने ऐकवला. १९४२ च्या त्या उन्हाळ्यातच वॉर्साच्या ज्यू वस्तीतून अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली गेली. त्या शहरात एका बाईच्या खुनाचा छडा लावत हिंडणारा जर्मन मेजर हा न्यायप्रिय म्हणायचा की आंधळा? माझ्या मते तो दोन्ही आहे, आणि किर्स्टचे सामर्थ्य येथेच आहे. हा लेखक १९३३ पासून १९४५ पर्यंत स्वतः जर्मन सैन्यात होता. गणवेशाच्या आत कायदा कसा आकसतो हे त्याला कोणी शिकवायला नको होते. मेलेली बाई जर्मन हेरखात्यासाठी काम करीत होती, म्हणून तर ग्राउ तेथे येतो. ती नुसती एक पोलिश वेश्या असती, तर फाइलसुद्धा उघडली नसती. ग्राउच्या हट्टाला आपण टाळ्या वाजवतो तेव्हा त्याच्या न्यायाचे हे कुंपण आपल्याला दिसत नाही. पुन्हा वाचताना दिसते, आणि मग त्या टाळ्या वाजवणे थोडे जड जाते.

माझी स्वतःची तक्रार निराळी आहे. जनरलांची भांडणे, त्यांच्या बायका, त्यांची जेवणे, त्यांचे नोकर हे सारे किर्स्ट मोठ्या मिश्किलपणे रंगवतो. मात्र मारल्या गेलेल्या स्त्रिया पानावर येतात त्या बहुधा प्रेते म्हणून. वॉर्सात एक, पॅरिसात दुसरी, युद्ध संपून अकरा वर्षे झाल्यावर १९५६ साली तिसरी. तिघींपैकी एकीचाही आवाज मला पुस्तक मिटल्यावर आठवला नाही. एका माणसाच्या जिवाची किंमत सांगू पाहणाऱ्या कादंबरीत ही उणीव लहान नव्हे.

१९६७ साली निघालेल्या चित्रपटात पीटर ओटूल आणि ओमर शरीफ होते. तो आधी पाहिलेल्यांना खुनी कोण हा प्रश्न उरतच नाही. ओटूलचे डोळेच सारे सांगून टाकतात. त्यांनीही कादंबरी घ्यावी. मध्ये मध्ये येणारे जबाब, पत्रे आणि अहवाल तेवढे चाळून पुढे जाऊ नये. युद्धातून वाचलेली माणसे आपली कातडी वाचवीत मागाहून काय काय बोलतात, ते तेथे आहे.