असलेले खण, नसलेले खण

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ओबेन आणि रीसनेर यांच्यासारखे कारागीर खणांच्या कपाटांवर लाकडाचीच फुले फुलवत. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे पातळ पापुद्रे बारीक करवतीने कापायचे, पाकळीची कड तापलेल्या वाळूत धरून किंचित करपवायची, म्हणजे तिथे सावली पडते. मग हे तुकडे एकमेकांत बसवून चिकटवायचे. अशा कित्येक कपाटांवर फुलांचा गुच्छ वरच्या खणातून खालच्या खणात सलग उतरतो आणि मधली फट दिसेनाशी होते. रंगवलेल्या लाकडाचा हिरवा काळाने उडून पाने तपकिरी झाली, तरी ही नजरबंदी अजून टिकून आहे.

याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात घडलेली खणांची कपाटे पाहावीत. पोर्तुगीज त्यांना कोंतादोर म्हणत. त्यांचे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. सागवानावर काळ्या आबनुसाची वर्तुळे एकमेकांत गुंतत जातात आणि मधूनमधून हस्तिदंताचे पांढरे ठिपके चमकतात. सागाचा तांबूस, आबनुसाचा काळा आणि दाताचा पांढरा, एवढ्या तीन रंगांवर सगळा खेळ. पाकळी नाही, सावली नाही. खणांच्या चौकटी लपवायच्या सोडून उलट ठळक केलेल्या. वर मुलामा दिलेल्या तांब्याच्या जाळीदार पट्ट्या आणि कुलपाच्या चकत्या.

गंमत पुढेच आहे. दर्शनी भागावर मोजलेले खण आणि प्रत्यक्षात उघडणारे खण यांचा हिशेब अनेकदा जुळत नाही. दोन-तीन छोटे खण वाटावेत तिथे एकच खोल खण निघतो. फ्रेंच कारागीर असलेले खण लपवतो, गोव्याचा कारागीर नसलेले खण दाखवतो. एकाला चित्र अखंड हवे, दुसऱ्याला लय.

ही लय तळाशी मोडते. बैठकीचे पाय कोरीव आकृत्यांचे असतात. वर स्त्री, खाली वळणदार शेपूट. जलपरी म्हणा की नागकन्या, भूमितीच्या त्या कडक शिस्तीला खालून जिवंत देह पेलतो.

नाशिकच्या जुन्या वाड्यांतले सुरूदार खांब आणि केळफुलांची कोरणी पाहून वाढलेल्या डोळ्याला गोव्याचे हे काम वेगळे वाटेल. आपल्या कोरणीत लाकूड काढून टाकल्यावर फूल उरते आणि ते उजेड-सावलीवर जगते. इथे लाकडात लाकूड भरले जाते. पृष्ठभाग सपाट राहतो, सारी भिस्त रंगांच्या विरोधावर.

फुलांच्या फ्रेंच कपाटातले कसब मोठेच; पण ते एकदा उलगडले की आश्चर्य ओसरते. तीन रंगांचे गोव्याचे कपाट मात्र प्रत्येक वेळी खण पुन्हा मोजायला लावते. माझे मत त्याच्या बाजूने.