फोटोरिअल, पण कशाशी ताडून?

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रस्तावात 'फोटोरिअलिस्टिक' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होता. गाइडनी त्यातल्या एकाला पेन्सिलने गोल केला आणि समासात लिहिलं, "कशाशी ताडून?" तेव्हा मला रागच आला होता. इमारतीचं रेंडर समोर ठेवलं की ते खऱ्यासारखं दिसतंय की नाही हे कुणालाही कळतं, त्यात ताडायचं काय?

उत्तर शोधताना एक फिल्म आणि एक पेपर पुन्हा नीट बघावा लागला. या विषयात येणाऱ्याने दोन्ही बघावेत. पण दोन्हींकडे टीकाकाराच्या नजरेने बघावं, म्हणून हा लेख.

आधी फिल्म. 'द थर्ड अँड द सेव्हन्थ', २००९. अ‍ॅलेक्स रोमन या नावाने काम करणाऱ्या स्पॅनिश कलाकाराची ही साधारण १२ मिनिटांची कलाकृती. तिसरी कला म्हणजे वास्तुकला, सातवी म्हणजे सिनेमा, असा नावाचा अर्थ. लुई कानचं एक्झेटरचं ग्रंथालय, कलात्रावाचं मिलवॉकीचं कलासंग्रहालय अशा इमारती त्यात दिसतात, आणि त्या सगळ्या संगणकावर उभ्या केलेल्या आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता.

आता दुसऱ्यांदा बघा आणि स्वतःला विचारा, विश्वास नेमका कशामुळे बसतो? जवळची वस्तू स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ. खिडकीच्या कडेने पसरलेली चमक. यातल्या कितीतरी गोष्टी इमारतीच्या नाहीतच, लेन्सच्या आहेत. आपण खोलीत उभे राहून पाहतो तेव्हा डोळा सतत फिरतो, फोकस बदलत राहतो. मागचं धूसर आहे याची जाणीवही होत नाही. चित्रात मात्र ती धूसरता दिसली की आपण म्हणतो, "अगदी खरं!" म्हणजे आपण ओळखतो तो फोटो, जागा नव्हे.

फिल्मचा यात दोष नाही. नावातच सिनेमा आहे, तिने काही लपवलेलं नाही. वास्तूतल्या प्रकाशाकडे इतक्या सावकाश, इतक्या प्रेमाने बघायला लावणारी कामं थोडीच आहेत. पण एक्झेटरच्या वाचन-टेबलावर दुपारी किती प्रकाश पडतो, हे या फिल्मवरून सांगता येईल का? नाही. ते सांगण्यासाठी ती केलेलीच नाही. तक्रार आहे ती तिला किंवा तिच्या धर्तीवरच्या रेंडर्सना संशोधनाचा मापदंड म्हणून वापरणाऱ्यांबद्दल. त्यात मीही होतो.

आता पेपर. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गोरल, टोरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी 'रेडिऑसिटी' पद्धत संगणक चित्रणात आणली. लाल भिंतीवर पडलेला प्रकाश शेजारच्या पांढऱ्या भिंतीला किंचित लाली देतो, तो परिणाम गणिताने पकडायची ही पद्धत. चित्र छान आलं. पण पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८६ मध्ये मेयर, रशमायर, कोहेन, ग्रीनबर्ग आणि टोरन्स यांनी खरोखरचा खोका बांधला आणि दोन वेगळ्या चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी मोजमापाची. खोक्यातली प्रकाशऊर्जा उपकरणाने मोजली आणि पद्धतीने वर्तवलेल्या आकड्यांशी ताडली. दुसरी चाचणी माणसांची. खरा खोका आणि पडद्यावरचं चित्र, दोन्ही व्ह्यू कॅमेऱ्यातून दाखवले आणि विचारलं, खरा कुठला? लोकांना फरक करता आला नाही.

'फोटोरिअल' या एका शब्दात आपण कोंबतो ते दोन दावे इथे सुटे झालेले दिसतात. एक, प्रकाश बरोबर मोजला आहे. दोन, बघणाऱ्याला तो खरा वाटतो. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्यावरून पहिला तर मुळीच नाही.

पण या पेपरवरही टीका करायला हवी. खोका साधा होता आणि पृष्ठभाग मॅट होते. काच, पॉलिश केलेली फरशी, पाणी यांबद्दल त्यातून काही कळत नाही. शिवाय माणसांनी खोका थेट डोळ्यांनी पाहिलाच नाही, कॅमेऱ्यातून पाहिला. म्हणजे इथेही तुलना शेवटी कॅमेऱ्यातल्या प्रतिमेशीच झाली! फरक एवढाच की लेखकांनी ते स्वच्छ सांगितलं आणि मोजमापाची चाचणी वेगळी ठेवली. म्हणून चाळीस वर्षांनी आपण त्यांच्या मर्यादांवर बोट ठेवू शकतो. मर्यादा सापडू शकणं हे चांगल्या पेपरचं लक्षण आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर पुण्या-मुंबईच्या कुठल्याही हायवेवरच्या होर्डिंगकडे बघा. दिवाणखान्याच्या रेंडरमध्ये वाइड लेन्स घेतली की दहा फुटांची खोली ऐसपैस दिसते. कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवून मधली भिंत कापता येते. खऱ्या खोलीत असा फोटो काढताच येणार नाही, कारण तिथे उभं राहायला जागाच नाही. फ्रेमबाहेर अदृश्य दिवे लावता येतात. खिडकीसमोरची दुसरी इमारत मॉडेलमध्ये घेतलीच नाही की हॉल उजेडाने भरून जातो. सॉफ्टवेअर प्रकाशाचा हिशोब अगदी बरोबर करेल, पण त्या जागेचा नव्हे, आपण दिलेल्या मॉडेलचा. डोळ्याच्या चाचणीत हे चित्र पहिल्या नंबराने पास होईल. मग कुणीतरी वीस वर्षांचे हप्ते त्याच्यावर लावतो आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसतो. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. पण रेंडरमधला उजेड 'खोटा' होता हे ठरवायचं कसं? तिथे मोजमाप लागतं, आणि ते आपल्या क्षेत्राचं काम आहे.

त्यासाठी साधनं नाहीत असंही नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी घडवलेलं 'रेडिअन्स' सॉफ्टवेअर चित्राबरोबर प्रकाशाची भौतिक मूल्यं देतं, आणि खऱ्या आकाशाखाली घेतलेल्या मोजमापांशी ती ताडून पाहिलेली आहेत. त्याची चित्रं होर्डिंगवरच्या चित्रांइतकी देखणी नसतात, म्हणून आपण विद्यार्थी तिकडे वळत नाही.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना एवढं करा. 'वास्तववादी' असं लिहिलंत की थांबा. तुलना कशाशी आहे: उपकरणाच्या आकड्यांशी, फोटोशी, की जागेत उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवाशी? बघणारे कोण आहेत: आर्किटेक्ट की घर घेणारे? चित्रासाठी मॉडेलमधून काय काय वगळलं, त्याची यादी दिली आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक प्रबंधांत सापडत नाही. निदान मी वाचलेल्यांत तरी नाही.

माझ्या सुधारित प्रस्तावात 'फोटोरिअलिस्टिक' हा शब्द आता एकदाच येतो, तोही व्याख्येसकट. उरलेल्या जागी एका उत्तरमुखी खोलीतल्या लक्समीटरच्या नोंदी आहेत. दिसायला अगदी रटाळ. गाइडनी यावेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, "मीटर कॅलिब्रेट केलायस ना?"