दीपवृक्ष, दिवठण, समई : एका प्रतीकाचे मराठी वाचन

प्रतीकाचे भाषांतर करताना प्रतिशब्द मिळाला म्हणजे काम संपत नाही. त्या प्रतीकाचा पूर्वेतिहासही नव्या भाषेत आणावा लागतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील दीपाधार या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ‘निर्गम’मधील सात दिव्यांचा सुवर्णदीप, मत्तयकृत शुभवर्तमानातील घरगुती दिव्याचे आसन आणि ‘प्रकटीकरणा’तील सात मंडळ्यांचे चिन्ह या तिन्ही ठिकाणी ग्रीक संहितेत ‘लुख्निया’ हा एकच शब्द आहे. प्रचलित मराठी भाषांतरात मात्र अनुक्रमे ‘दीपवृक्ष’, ‘दिवठण’ आणि ‘समई’ असे तीन शब्द येतात.

या विभागणीला दृश्य आधार आहे. निर्गमातील वस्तूला (२५:३१-४०) खोड, सहा शाखा, कळ्या व फुले आहेत. योहानाला दिसतात ते सात सुटे दीपाधार. परंतु शब्द बदलताच अर्थाची मुख्य घटना झाकली जाते. एका खोडावरील सात दिव्यांच्या जागी आता सात स्वतंत्र आधार आहेत. त्यांना जोडणारे खोड उरलेले नाही, त्यांच्यामध्ये ख्रिस्त वावरतो आहे. ऐक्य वस्तूच्या घडणीतून निघून व्यक्तीच्या सान्निध्यात आले, हे स्थित्यंतर मराठी वाचकाच्या नजरेतून निसटते. उलट ‘समई’ या शब्दाने काही लाभतेही. देवळापुढची दगडी दीपमाळ जागची हलत नाही, समई हलते. त्यामुळे इफिसच्या मंडळीला दिलेला इशारा (२:५) मराठीत घरगुती आणि म्हणूनच अधिक धारदार होतो. मंडळी ही स्वतः प्रकाश नव्हे. ती केवळ आधार आहे.

मग तेल कोठून येते? रायगड जिल्ह्यातील पेण-रोहे परिसरात हा प्रश्न निव्वळ ग्रांथिक राहत नाही. पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावे लावणाऱ्या बेने इस्राएल समाजाचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा. शब्बाथाला घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. घाणा ठाऊक असलेल्या वाचकाला दोन संहितांमधील ताण चटकन जाणवेल. निर्गमात (२७:२०) जैतुनाचे तेल कुटून काढावयाचे आहे. जखऱ्याच्या दर्शनात (अध्याय ४) मात्र दोन जैतून वृक्ष दीपाधाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून स्वतःच तेल पुरवितात. तेथे घाणा नाही, तेली नाही. ही श्रमाची अवहेलना नव्हे. मंदिर पुन्हा उभारू पाहणाऱ्या दुर्बल समूहाला दिलेला तो दिलासा आहे : ज्योत टिकते ती आधाराच्या बळावर नव्हे.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. त्या राष्ट्राने १९४९ साली स्वीकारलेल्या राजचिन्हात दीपवृक्ष आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जैतुनाच्या फांद्या आहेत. जखऱ्याचे दर्शन तेथे स्पष्ट ओळखू येते. पेणच्या सभास्थानाभोवतीची विरळ वस्ती पाहून ‘समई काढून घेतली गेली’ असे म्हणण्याचा मोह एखाद्या ख्रिस्ती वाचकाला होईल. हे वाचन संहितेला धरून नाही. तो इशारा मंडळीने स्वतःस उद्देशून ऐकावयाचा आहे. शेजाऱ्याच्या इतिहासावर निवाडा देण्यासाठी तो नाही. शिवाय स्थलांतर म्हणजे विझणे नव्हे.

म्हणून तिन्ही मराठी शब्द राहू द्यावेत. प्रत्येकाने आपापल्या जागी अर्थ दिला आहे. मात्र ते एकाच शब्दाचे अवतार आहेत, हे सांगणारी तळटीप हवी. तिच्यावाचून प्रतीकाची खोडापासून तुटलेली एकेक शाखाच वाचकाच्या हाती लागते.