अमँटाडीन आणि बेडकाचा स्नायू : एका अनुमानाची चिकित्सा

कंपवातावरील अमँटाडीन या औषधाचा इतिहास योगायोगाने सुरू होतो. इन्फ्ल्युएंझाच्या प्रतिबंधासाठी हे औषध घेणाऱ्या एका कंपवातग्रस्त स्त्रीस 1968 मध्ये आपला ताठरपणा व कंप उणावल्याचे जाणवले. श्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 163 रुग्णांवरील अनुभव 1969 मध्ये प्रसिद्ध केला. गुण प्रथम दिसला. कारण मागाहून शोधावे लागले. कारणाच्या या शोधात प्राण्यांच्या ऊतकांना साक्षीदार म्हणून बोलावण्यात आले. ती साक्ष कितपत ग्राह्य धरावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

अल्बुकर्क व सहकाऱ्यांचा 1978 चा निबंध या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. बेडकाच्या स्नायूवर अमँटाडीनची क्रिया होताच चेतेकडून स्नायूकडे जाणारा संदेश क्षीण होतो, आणि औषध धुऊन काढल्यास तो पूर्ववत होतो, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या प्रतिपादनानुसार हा रोध अ‍ॅसिटिलकोलीन ज्या स्थानी चिकटते तेथे घडत नसून, ग्राहीशी संलग्न असलेल्या आयन-मार्गात घडतो. प्रयोग म्हणून हे काम काटेकोर आहे, याविषयी दुमत होऊ नये.

आक्षेप आहे तो या प्रयोगावरून पुढे काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. कंपवातात डोपामीन घटल्याने अ‍ॅसिटिलकोलीनचे पारडे जड होते. अमँटाडीन अ‍ॅसिटिलकोलीनचा संदेश रोखते. म्हणून ते गुणकारी ठरते, अशी ही साखळी आहे. तिच्या दोन कड्या कच्च्या आहेत. एक, स्नायूवरील ग्राही निकोटिनी जातीचा आहे, तर कंपवातावरील जुनी अ‍ॅट्रोपीनसदृश औषधे मस्कॅरिनी ग्राहींवर कार्य करतात. नाव एकच असले तरी दारे भिन्न आहेत. दुसरे, संहतीचा प्रश्न. रुग्णाच्या रक्तात हे औषध लिटरमागे काही मायक्रोमोल इतकेच असते. स्नायूवरील ठळक रोधास त्याच्या कितीतरी पट लागते. नेहमीच्या मात्रेत हा रोध घडत असता, तर स्नायुदौर्बल्य हे या औषधाचे ठळक लक्षण ठरले असते. तसे ते नाही. औषध डोपामीन मोकळे करते या अधिक लोकप्रिय मतासही संहतीचा हाच आक्षेप लागू पडतो.

मग बेडकाची साक्ष व्यर्थ गेली काय? तसेही म्हणता येत नाही. 1990 च्या सुमारास मेंदूच्या ऊतकांवर झालेल्या अभ्यासांतून अमँटाडीन हे ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहीचा आयन-मार्ग अडविते, असे स्पष्ट झाले. आणि त्यास लागणारी संहती रुग्णात साध्य होणाऱ्या संहतीच्या बरीच जवळ आहे. लेव्होडोपाच्या दीर्घ सेवनाने उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींवर या औषधाचा जो उपयोग होतो, त्याची संगतीही येथेच लागते. म्हणजे स्नायूने क्रियेची रीत खरी सांगितली. चूक झाली ती स्थळाची, आणि तीही साक्षीदाराची नव्हे, ऐकणाऱ्यांची.

यावरून संशोधक विद्यार्थ्यांनी एक शिस्त अंगी बाणवावी. ऊतकावर ‘परिणाम दिसला’ असे वाचताच तीन प्रश्न विचारावेत : किती संहतीला? कोणत्या ग्राहीवर? आणि तो परिणाम खरा मानल्यास रुग्णात आणखी काय दिसावयास हवे होते? तिसरा प्रश्न बहुधा विसरला जातो. वास्तविक, अनुमानाची खरी कसोटी तोच आहे.