पत्र्याचे छप्पर कोण रंगवणार?

हौशी निसर्गचित्रणाला महाराष्ट्रात इतके बरे दिवस पूर्वी कधी नव्हते. थंडीतल्या रविवारी वाईच्या किंवा मेणवलीच्या घाटावर गेलात तर घडीची स्टुले, पाण्याचे डबे आणि मांडीवर बोर्ड घेतलेली माणसे हटकून भेटतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, संगणक अभियंते, शाळेतल्या शिक्षिका. एके काळी कॅमलच्या वड्या आणि कार्ट्रिज कागद यांवर भागवावे लागे. आता तीनशे जीएसएमचा सुती कागद घरपोच येतो. वॉश कसा सोडावा, ओल्यावर ओला रंग कसा उतरवावा, हे मोबाइलवर फुकट शिकता येते. मिलिंद मुळीक यांच्या जलरंगावरच्या पुस्तकांनी तर कितीतरी जणांच्या हाती पहिला ब्रश दिला. हात तयार झाले आहेत, यात शंका नाही.

तक्रार डोळ्यांबद्दल आहे.

हौशी चित्रकारांचे कुठलेही प्रदर्शन पाहा. कौलारू घर, त्यावर झुकलेले झाड, दगडी पायऱ्या, सोडून ठेवलेली बैलगाडी, डोक्यावर हंडा घेतलेली पाठमोरी बाई आणि मागे निळसर डोंगर. हे गाव आज आहे कुठे? खऱ्या गावात शिरताना आधी दिसते ती पाण्याची टाकी. मग निळ्या पत्र्याची शेड, सिमेंटच्या ठोकळ्यांचे घरकुल, गोठ्यावर ओढलेली ताडपत्री, विजेच्या तारा, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. जागेवर बसून काढलेल्या चित्रांतूनही हे सगळे गळून पडते. समोर मोटरसायकल उभी असली तर चित्रात त्या जागी चार कोंबड्या येतात! विशेष म्हणजे हीच मंडळी शहरात असा खोटेपणा करत नाहीत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकाराने 2007 मध्ये सिएटलहून सुरू केलेली ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ मुंबई-पुण्यातही रुजली आहे. दिसते ते, दिसते तसे काढायचे, हा तिचा दंडक. टपरी, स्कूटर, फ्लायओव्हरचे खांब असे सगळे त्या वह्यांत असते. गावाची वेस लागली की मात्र दंडक सुटतो.

याचे खापर परंपरेवर फोडता येत नाही. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि 1931 मध्ये वारले. त्यांनी रंगवले ते कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा. म्हणजे रोज चालत जाऊन बसता येईल असे पाणी. त्याच पाण्यावरचा उजेड त्यांनी पुन:पुन्हा पाहिला आणि दर वेळी वेगळा पाहिला. त्याच काळातले चित्रकार ल. ना. तासकर यांच्या जलरंगांत देवळे आहेत, बाजार आहेत, बैलगाड्याही आहेत. पण त्या काळी बैलगाडी हेच रोजचे वाहन होते. तासकरांनी स्वत:चा काळ रंगवला, आपण तासकरांचा काळ रंगवतो. प्र. अ. धोंड जे. जे.चे अधिष्ठाता झाले तरी त्यांच्या ब्रशाला कोकणचा समुद्र सुटला नाही, कारण तो त्यांच्या लहानपणापासूनचा शेजार होता.

रंगाचेही तेच. आपल्या हौशी चित्रांत बारमाही हिरवळ असते आणि ती बहुधा ट्यूबमधून थेट आलेल्या सॅप ग्रीनची. देशावर चार महिने सोडले तर जमीन हिरवी असते कुठे? ज्वारी काढून झाल्यावरचे रान, उलटलेली ढेकळे, कडब्याची गंज, माळावरचे वाळके गवत यांसाठी यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना हे मातीपासूनच आलेले रंग पेटीत असतातच. पण ते वाड्याच्या भिंतीवर खर्ची पडतात. मराठवाडा आणि विदर्भ तर या चित्रांच्या नकाशातच नाहीत. तुरीच्या तुराट्या, वेचणी संपलेली पऱ्हाटी, जालन्याकडची शेततळी आणि त्यांतले चकचकीत काळे प्लास्टिक मी फारच क्वचित पाहिले आहे. अलीकडे मेलबर्नच्या जोसेफ झ्बुकविचची धूसर, करडी जादूही पुष्कळांना भुरळ घालते. तो त्याच्या शहरातले ओले रस्ते रंगवतो आणि अप्रतिम रंगवतो. पण तोच धूर फलटणच्या एप्रिलमध्ये सोडला की चित्राला सर्दी झाल्यासारखे वाटते.

कोणी म्हणेल, पत्रा कुरूप आहे, तो कशाला काढायचा? मला हे पटत नाही. भर दुपारी पत्र्यावर पडलेले ऊन ही जलरंगाची खरी कसोटी आहे. तिथे कागद कोरा सोडावा लागतो आणि भोवतीचा टोन इतका नेमका बांधावा लागतो की तो कोरेपणा डोळ्यांना टोचला पाहिजे. निळे छप्पर निळ्या आभाळासमोर उभे करायचे तर दोन निळ्यांत फरक कुठला ठेवायचा, हा प्रश्न कौलारू घर कधी विचारतच नाही. कौलाचा तांबडा आणि झाडाचा हिरवा आपोआप एकमेकांना उठाव देतात. चित्रकाराला फारसे काही करावे लागत नाही.

व्यावसायिक चित्रकाराची अडचण समजू शकते. दिवाणखान्यात टांगायला गिऱ्हाईक वाडाच मागते, ताडपत्री कोण घेणार? पण हौशी माणसाला विकायचे नसते, गॅलरीवाल्याला खूश ठेवायचे नसते, त्याच्या पोटाचा प्रश्न या कागदावर अवलंबून नसतो. इतकी मोकळीक असून तो काढतो ते मात्र विकाऊ चित्र. ही मला आजच्या हौशी निसर्गचित्रणाची सगळ्यांत मोठी उणीव वाटते, कौशल्याच्या कुठल्याही कमतरतेपेक्षा मोठी.

यात स्पर्धा भरवणाऱ्यांचाही वाटा आहे. प्रत्यक्ष जागेवरच्या चित्रस्पर्धा घाटावर, किल्ल्यावर नाहीतर जुन्या देवळापाशी ठेवायच्या, हा शिरस्ता पडून गेला आहे आणि बक्षिसे जुन्या दगडांनाच मिळतात. मंडळांनी आणि कलाशिक्षक संघांनी पुढची स्पर्धा साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडवर ठेवून पाहावी. लासलगावच्या बाजार समितीत, कांद्याचा लिलाव चालू असताना ठेवली तर फारच उत्तम.